सागवानी फळ्यांची माडी: तेल पाजायचं का पीयू मारायचा?

आपल्याकडं बऱ्याच जुन्या वाड्यांत माडीवर फळ्यांवर मातीच असते, पण ज्यांच्याकडं नुसत्या सागवानी फळ्या उघड्या आहेत ते एकदा तरी पॉलिशवाल्याला बोलावतातच, आणि तो येऊन सरळ म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर कडक थर धरणारं पॉलिश) मारून टाकू, मग टेन्शन नाही. थांबा जरा. आधी फळीवर आत्ता काय बसलंय ते बघा, कारण मेण किंवा तेल नीट न काढता वरून पीयू मारला तर तो धरत नाही, पापुद्रे सुटतात.

नव्या फ्लॅटमधलं वूडन फ्लोरिंग असेल तर उंबऱ्यापाशी कडेनं बघा, वर छापील थर आणि खाली दाबलेला भुसा दिसला तर ते लॅमिनेट आहे. त्याला ना तेल ना पॉलिश, घासलं तर छपाईच निघून जाईल.

खरं लाकूड असेल तर कपाटामागचा एखादा कोपरा धरा. पाण्याचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबा, मुरला आणि लाकूड काळपट पडलं तर तेल आहे नाहीतर वरचं सगळं झिजून गेलंय. नखानं खरवडल्यावर मऊ मळ निघाला तर मेण. मग कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा, जागा चिकट झाली आणि बोळा तपकिरी आला तर चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश, जुन्या कामात हे खूप सापडतं. स्पिरिटला दाद दिली नाही पण एनसी थिनरनं (रंगाच्या दुकानात मिळणारा, लॅकर पातळ करायचा द्रव) मऊ पडलं तर लॅकर, आणि दोन्हीनं ढिम्म हललं नाही तर मेलामाइन (फर्निचरवर मारतात ते कडक पॉलिश) किंवा पीयू. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि देवापुढचा दिवासुद्धा जवळ नको.

आता निवड. चपडा दिसायला फार सुंदर, पण गरम चहाचा कप टेकला की पांढरा गोल उमटतो, त्यामुळं दाराला झोपाळ्याला ठीक, पायाखाली नको. मेलामाइन कडक असतं पण तडकतं, ते फर्निचरलाच राहू द्या.

खरी लढत पीयू आणि तेलात आहे. दोन डब्यांचा, म्हणजे घट्ट करणारं हार्डनर मिसळायचा पीयू पाण्याला, चहाला, तेलाच्या डागाला दाद देत नाही, पुसायला सोपा. पण चपलेसोबत मुरमाचे खडे वर आले की ओरखडे पडतात, आणि एका जागचा ओरखडा तेवढाच झाकता येत नाही, बहुतेक वेळा अख्खी खोली घासावी लागते. शिवाय इकडं मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा फळ्या आकसून फटी उघडतात, पावसाळ्यात परत फुगतात, मग फटीवर ताणून बसलेला पीयू तिथंच चिरतो. फटीत पुट्टी भरायचं तर मनातच आणू नका, ती सुटून बाहेर येते.

तेलाची चमक कमी आणि दरवर्षी एक हात द्यावा लागतो, पण जिथं चालून चालून पट्टा पडलाय तेवढ्याच फळ्यांना दिला तरी चालतं. चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल वापरू नका, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मिळतं ते घ्या (ते खायचं नाही). पातळ हात मारा, पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं पुसून काढा, दुसरा हात आधीचा वाळल्यावरच. आणि तेलाचे बोळे, चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत! त्या आपोआप तापून पेट घेतात, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच भीती. बाहेर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

माझं मत, जुन्या माडीला तेलच, आणि नवीन फ्लॅटमध्ये खरं लाकूड असून घरात लहान लेकरं असतील तर पीयू. काम काहीही असो, दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात दमट हवेनं वाळत नाही आणि कडक उन्हात पटकन ओढून ब्रशच्या रेघा राहतात.

निगा दोन्हीची सारखीच. रोज मऊ झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं. फरशीसारखं बादलीभर फिनाइलचं पाणी ओतून पुसणं बंद करा, आणि बाथरूमचं अ‍ॅसिड तर माडीवर नेऊच नका. पीयू असेल तर चमक मेली की लगेच 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून एक हात मारून घ्या, लाकूड उघडं पडून काळं झालं की मग सगळंच रंध्याखाली जातं.