एस3चे लाइफसायकल रूल्स: काही महिने वापरल्यानंतर

आमची पुण्यातली छोटी कंपनी व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. अॅमेझॉन एस3वर, म्हणजे भाड्याच्या ऑनलाइन साठवणीत, आमच्या तीन प्रकारच्या फायली साठतात: रोज रात्रीचे डेटाबेस बॅकअप, ग्राहकांच्या बिलांच्या पीडीएफ आणि सर्व्हरचे लॉग (कामकाजाच्या नोंदी). तिन्ही वाढतच जातात आणि हाताने साफ करायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून लाइफसायकल रूल्स लावले, म्हणजे ठरलेल्या दिवसांनी फायली आपोआप स्वस्त साठवणीत हलवणारे किंवा पुसणारे नियम. महिन्याचं बिल खरंच उतरलं आणि मी हे फीचर कुणालाही बिनधास्त सुचवेन. फक्त कोणता डेटा किती काळ हवा हे आधी ठरवा. ते न ठरवता लावलेले रूल्स उलट महागात पडू शकतात.

आधी दर. एस3मध्ये साठवणीचे महाग ते स्वस्त असे क्लास असतात. उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये (रीजन म्हणजे सर्व्हर असलेलं ठिकाण) स्टँडर्डला महिन्याला जीबीमागे 0.023 डॉलर पडतात, स्टँडर्ड-आयएला (क्वचित उघडायच्या फायलींसाठी) 0.0125, ग्लेशियर इन्स्टंट रिट्रिव्हलला (जुन्या पण लगेच मिळणाऱ्या फायलींसाठी) 0.004 आणि डीप आर्काइव्हला (जिथून फाइल परत मिळायला तास लागतात) 0.00099. मुंबई रीजनचे आकडे थोडे वेगळे, पण चढउतार तसाच. पहिल्या आणि शेवटच्या दरात वीसपटींहून जास्त फरक दिसला की सगळंच स्वस्त क्लासमध्ये ढकलावंसं वाटतं. तिथेच थांबा आणि फायलींचा आकार बघा.

समजा 4 केबीच्या एक कोटी फायली आहेत. स्टँडर्डमध्ये त्या जेमतेम 40 जीबी, म्हणजे महिन्याला एक डॉलरही नाही. स्टँडर्ड-आयएमध्ये मात्र प्रत्येक फाइल किमान 128 केबी धरली जाते. तोच डेटा 1,280 जीबीचा होतो आणि महिन्याचे 16 डॉलर लागतात. शिवाय हलवण्याचे हजार फायलींमागे 0.01 डॉलर, म्हणजे एकरकमी 100 डॉलर. डीप आर्काइव्हला हलवायचे हजारामागे 0.05, म्हणजे 500 डॉलर. वर प्रत्येक फाइलमागे 40 केबीचा जास्तीचा भार. सप्टेंबर 2024 पासून 128 केबीपेक्षा लहान फायली लाइफसायकल आपणहून हलवत नाही, ही चांगली सोय झाली. पण मग लहान फायली स्टँडर्डमध्येच राहतात. आमच्या पीडीएफ लहानच असतात, म्हणून आम्ही ग्राहकवार, महिनावार एकेक टार फाइल (अनेक फायलींचा एकच गठ्ठा) बांधतो आणि ती डीप आर्काइव्हला पाठवतो. कोणतं बिल कोणत्या टारमध्ये आहे याची सीएसव्ही यादी स्टँडर्डमध्येच ठेवतो. ती यादी नसती तर हा सगळा खटाटोप फुकट होता.

मुदत ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. लॉगचं सोपं आहे: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग हवेत. आम्ही 30 दिवसांनी ते इन्स्टंट रिट्रिव्हलला नेतो आणि 200 दिवसांनी काढून टाकतो. त्या क्लासची किमान आकारणी 90 दिवसांची असते (फाइल आधी पुसली तरी तेवढे पैसे लागतात), ती आरामात भरते. बिलांचं गणित किचकट आहे. जीएसटी कायद्याचं कलम 36 म्हणतं की हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपा. लाइफसायकल मात्र फाइल तयार झाल्याच्या दिवसापासून मोजतं. एप्रिल 2024 चं बिल घ्या: त्या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख 31 डिसेंबर 2025, म्हणून ते बिल 2031 संपेपर्यंत हवं. म्हणजे पावणेआठ वर्षं. ‘सहा वर्षं’ म्हणून 2,190 दिवस टाकले असते, तर मुदतीआधीच बिलं पुसली गेली असती. त्यात आमचे काही ग्राहक प्रायव्हेट लिमिटेड आहेत आणि कंपनी कायदा मागची आठ आर्थिक वर्षं मागतो. सीएशी बोलून आम्ही नऊ वर्षं धरली, 3,285 दिवस. एखाद्या ग्राहकाचं प्रकरण अपिलात असेल तर त्याच्या टारवर ऑब्जेक्ट लॉकचा लीगल होल्ड (काढेपर्यंत पुसू न देणारं कुलूप) लावतो. मग मुदत संपली तरी लाइफसायकल त्या व्हर्जनला (फाइलच्या त्या प्रतीला) हात लावत नाही.

व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या प्रती जपणं) चालू असलेल्या बकेटमध्ये, म्हणजे एस3मधल्या फायलींच्या कप्प्यात, एक्स्पायरेशनचा (मुदत संपल्यावर पुसण्याचा) रूल जुनी फाइल पुसत नाही, वर नुसता डिलीट मार्कर, म्हणजे ‘पुसली’ अशी खूण, ठेवतो. फाइल यादीत दिसत नाही, पैसे मात्र चालू राहतात. नॉनकरंट (जुन्या झालेल्या) व्हर्जनसाठी वेगळा रूल हवाच. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोडही (मोठी फाइल तुकड्यांनी चढवणं) असेच: साध्या यादीत दिसत नाहीत, बिलात असतात. ते सात दिवसांनी रद्द करणारा रूल प्रत्येक बकेटला लावा, त्यात तोटा काहीच नाही. आणि कमांड लाइनवरून रूल टाकताना जपून, कारण रूल्सची नवी फाइल जुने सगळे रूल पुसून त्यांच्या जागी बसते. आमचे सगळे रूल एकाच जेसन फाइलमध्ये आहेत आणि ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारं साधन) आहे.

परत मागवण्याचा प्रसंगही आला. एका ग्राहकाला खात्याची नोटीस आली आणि जुनी खरेदीची बिलं हवी होती. सीएसव्हीतून टार शोधली, संध्याकाळी रिस्टोरची मागणी टाकली, सकाळी फाइल तयार. डीप आर्काइव्हला स्टँडर्ड मागणीत 12 तासांपर्यंत लागतात, बल्कमध्ये 48. रिस्टोर झालेली प्रत आपण सांगू तितकेच दिवस राहते; आम्ही पाच दिवस मागतो. ‘आत्ता पाहिजे’ म्हणणारा ग्राहक असेल तर डीप आर्काइव्ह नको, इन्स्टंट रिट्रिव्हल घ्या. सपोर्टच्या मुलांना हे तास आधी सांगून ठेवा, म्हणजे ते फोनवर भलतं आश्वासन देणार नाहीत.

इंटेलिजेंट-टियरिंग (वापर बघून फाइलची पातळी आपोआप बदलणारा क्लास) आम्ही फक्त एका बकेटला ठेवलं आहे, जिथे कोणती फाइल कधी उघडली जाईल याचा अंदाजच येत नाही. हजार फायलींमागे महिन्याला 0.0025 डॉलर देखरेखीचे जातात, त्यामुळे मोठ्या फायलींना ते परवडतं.

तुमचा एकूण डेटा एक टीबीच्या आत असेल तर स्टँडर्डमध्ये महिन्याचा खर्चच फार तर 23-25 डॉलर आहे. अशा वेळी क्लास बदलण्याच्या भानगडीत पडू नका. मल्टिपार्टचा आणि नॉनकरंट व्हर्जनचा, हे दोन रूल तेवढे आजच लावा.