बाबांची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस टेस्ट : लॅबला पाचपैकी साडेतीन, त्यांच्या ॲपला शून्य

लॅबचं नाव लिहीत नाहीये. मोठी चेन आहे, घरी येऊन ब्लड नेतात, पुण्यात आमच्या भागात अर्धी सोसायटी त्यांच्याकडेच करते, त्यामुळे ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय कारण ही टेस्ट कोणाला सांगितली की घरात आधी गुगल उघडतं, गुगल दुसऱ्या मिनिटाला कॅन्सरवर नेऊन सोडतं, आणि मग त्या धसक्यात जिथे डिस्काउंट दिसेल तिथे बुकिंग होतं. शुगर-थायरॉइड कुठेही केलं तरी फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं.

बाबा ७१ वर्षांचे, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जातात. रुटीन चेकअपमध्ये टोटल प्रोटीन ८.३ आलं, अल्ब्युमिन ४.२, म्हणजे उरलेलं ग्लोब्युलिन ४.१, आणि ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणारी टेस्ट) चांगलाच चढलेला. आमच्या डॉक्टरांनी एवढ्यावरूनच चिठ्ठी लिहिली: सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन (वाढलेली अँटिबॉडी कोणत्या प्रकारची ते सांगणारी), फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे मोकळे सुटलेले छोटे तुकडे मोजणारी), सोबत कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, आणि २४ तासांची युरिन.

टेस्ट काय असते ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं ते सांगते. रक्तातल्या प्रोटीन्सना करंट देऊन पळवतात, अल्ब्युमिन सगळ्यात पुढे जातं, मागे अल्फा वन, अल्फा टू, बीटा आणि शेवटी गॅमा, आपल्या अँटिबॉडीज बहुतेक या गॅमाच्या भागात असतात. जुनाट इन्फेक्शन असेल, लिव्हरचं दुखणं असेल तर सगळ्या प्रकारच्या अँटिबॉडीज वाढतात आणि गॅमा पर्वतीसारखा ऐसपैस फुगतो. पण प्लाझ्मा सेलची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची, एकच पिल्लावळ वाढून एकाच साच्यातली अँटिबॉडी बनवत सुटली तर तिथे वजीर सुळक्यासारखं एक अरुंद टोक वर येतं. त्याला एम बँड किंवा एम स्पाइक म्हणतात, आणि डॉक्टरांना बघायचं असतं ते हे टोक. म्हणून रिपोर्टमध्ये तो ग्राफ हवाच हवा! मावशीचा रिपोर्ट मागे दुसऱ्या एका छोट्या लॅबने दिला होता त्यात ग्राफच नव्हता, नुसता आकड्यांचा तक्ता आणि खाली 'गॅमा वाढलेलं'. आता तो फुगवटा की टोक हे त्या तक्त्यावरून कोणी सांगायचं, डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि परत करायला लावली.

आता या लॅबचं. बुकिंगलाच पहिला झोल. फोनवरची मुलगी गोड बोलत होती पण चिठ्ठीत फ्री लाइट चेन लिहिलेलं असताना तिने टोटल कप्पा-लॅम्डा (लाइट चेनचे हे दोन प्रकार) लावून ठेवलं, वर म्हणे, 'मॅम सेमच असतं, हे स्वस्त पडेल.' सेम अजिबात नसतं. टोटलमध्ये पूर्ण अँटिबॉडीला जोडलेल्या चेनही मोजल्या जातात, फ्रीमध्ये फक्त मोकळ्या सुटलेल्या, आणि दोन्ही टेस्टमधल्या कप्पा-लॅम्डा रेशोची नॉर्मल रेंजच वेगळी आहे (फ्रीची साधारण ०.२६ ते १.६५, किडनी कमजोर असेल तर वेगळी धरतात). काही मायलोमा (प्लाझ्मा सेलचा कॅन्सर) असे असतात की नुसत्या लाइट चेन बनवतात, त्यात इलेक्ट्रोफोरेसिस जवळपास साफ दिसू शकते आणि फ्री लाइट चेनच चोर पकडून देते, मग तीच चुकीची लावली तर काय अर्थ. मी चिठ्ठीचा फोटो परत पाठवून बदलून घेतलं. आणि हो, स्वस्त नाहीये, या एका टेस्टचं बिल इलेक्ट्रोफोरेसिसच्या कितीतरी पट होतं. तेवढ्यात तिने फुल बॉडी पॅकेजही विकायचा प्रयत्न केला, 'मॅम फक्त थोडे ॲड केले तर व्हिटॅमिन डी फ्री.' अहो ताई, नको.

ब्लड घ्यायला आलेला मुलगा मात्र शंभर नंबरी. सांगलीकडचा असावा बोलण्यावरून. आल्या आल्या बाबांना, 'काका, पाणी प्यालाय ना?' विचारलं, पट्टा बांधला, शीर सापडली की लगेच 'मूठ सोडा आता' म्हणून पट्टा सैल केला. हे मला आवडलं कारण पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला की तिथलं रक्त घट्ट होतं आणि प्रोटीन उगाच वाढीव दिसतं, बरेच जण पट्टा बांधून फोनवर बोलत बसतात. इलेक्ट्रोफोरेसिससाठी पिवळ्या टोपीची ट्यूब घेतली (हिच्यात रक्त गोठून वरचं सिरम मिळतं), जांभळी फक्त हिमोग्लोबिनच्या सीबीसीला. जांभळीत रक्त गोठत नाही, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन) तसंच राहतं आणि ते बीटा-गॅमाच्या मध्ये स्वतःची पट्टी काढून बसतं, म्हणजे खोटा एम बँड! मी मुद्दाम विचारलं तर हसून म्हणाला, 'ताई, सिरम पाहिजे ना, प्लाझ्मा नाही चालत.' ट्यूब पाच-सहा वेळा हळूच उलटीपालटी केली, गदागदा हलवली नाही, आणि रॅकमध्ये उभी करून गोठायला ठेवली, तोवर आईच्या हातचा चहा प्याला. फॉर्मवर औषधं लिहायची जागा होती तीही त्याने भरून घेतली. ज्यांना डारॅटुम्युमॅब (मायलोमावरचं औषध) चालू आहे त्यांनी हे आवर्जून लिहा, ते औषध स्वतःच आयजीजी कप्पा प्रकारची अँटिबॉडी आहे, रिपोर्टमध्ये बारीक पट्टी बनून येऊ शकतं आणि आजार परत आला की काय असं वाटतं.

२४ तासांच्या युरिनचा मात्र आनंदीआनंद. मोठा प्लास्टिकचा कॅन हातात दिला आणि 'भरून द्या' एवढंच. कागद नाही, मेसेज नाही. पद्धत अशी आहे की सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून सगळी त्याच कॅनमध्ये. हे आम्हाला डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टने सांगितलं, लॅबने नाही. कॅन थंड ठेवायचा म्हटल्यावर बाबा सरळ फ्रिजकडे निघाले आणि आईने जो आवाज काढला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. 'माझ्या फ्रिजमध्ये? दह्याशेजारी?' शेवटी बाथरूममध्ये बादलीत बर्फ आणि त्यात तो कॅन, बाबा दर थोड्या वेळाने बर्फ बदलायला, जसं काही लग्नाचं आइस्क्रीम आहे. मुळात लॅबने एक साधं मराठीत छापलेलं पान दिलं असतं तर काय बिघडलं असतं, वयस्कर लोक एकटे राहतात त्यांनी काय करायचं?

रिपोर्टला कबूल केलेल्यापेक्षा उशीर झाला. सॅम्पल मुंबईला जातं म्हणे, इम्युनोफिक्सेशन वेगळ्या बॅचमध्ये लागतं, तेही ठीक आहे, पण मग तारीख देताना तसं सांगा ना. आणि आता ॲपची गोष्ट, जिच्यासाठी शून्य दिलंय. रात्री अकराच्या पुढे बाबांच्याच मोबाइलवर मेसेज, लाल रंगात, 'तुमचे कॅन्सर मार्कर असामान्य आहेत, तज्ज्ञांशी आत्ता बोला', खाली कन्सल्टेशनचं बटण. अख्खं घर जागं. पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टमध्ये कॅन्सर हा शब्दसुद्धा लिहिला नव्हता, हे सगळं त्या ॲपने स्वतःच्या मनाने रंगवलेलं. ७१ वर्षांच्या माणसाला रात्री असलं काही पाठवायला लाज वाटायला हवी, बाकी काही नाही.

खरा रिपोर्ट मात्र उत्तम होता, इथे लॅबला पूर्ण मार्क. ग्राफ स्वच्छ, टोकावर खूण करून एम बँड १.१ ग्रॅम पर डेसिलीटर असं वेगळं मोजलेलं, इम्युनोफिक्सेशनच्या पट्ट्यांचा फोटो, 'आयजीजी कप्पा', टेस्ट कोणत्या पद्धतीने केली ते लिहिलेलं (कॅपिलरी), आणि खाली डॉक्टरची सही आणि दोन ओळींची कॉमेंट. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) लोगोही होता, पण नुसत्या लोगोवर जाऊ नका, मान्यता टेस्टनुसार असते, एनएबीएलच्या साइटवर त्या लॅबचा स्कोप उघडून इलेक्ट्रोफोरेसिस त्यात आहे का ते बघता येतं. मी बघितलं, होती.

हिमॅटॉलॉजिस्टने (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) तो ग्राफ बघून सगळं शांतपणे समजावलं. एम बँड दीडपेक्षा कमी, प्रकार आयजीजी, फ्री लाइट चेनचा रेशो नॉर्मल, कॅल्शियम, किडनी, हिमोग्लोबिन सगळं जागेवर, युरिनमध्ये बेन्स जोन्स प्रोटीन (लघवीत उतरलेल्या मोकळ्या लाइट चेन) नाही. म्हणजे एमजीयूएस (एम बँड आहे पण मायलोमा नाही अशी अवस्था), तेही कमी धोक्याचं. अमेरिकेतल्या अभ्यासात पन्नाशीच्या पुढच्या साधारण ३ टक्के लोकांमध्ये हे सापडलंय आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पुढे मायलोमा वगैरे व्हायचं प्रमाण सरासरी वर्षाला १ टक्का, बाबांच्या गटात त्याहून कमी. औषध काहीच नाही, सहा महिन्यांनी परत टेस्ट, तसंच राहिलं तर मग अंतर वाढवायचं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर 'मग तळजाई चालू ठेवू ना?'

पुढची टेस्टही याच लॅबमध्ये करणार, कितीही राग आला असला तरी. कारण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की एम बँड वाढतोय का हे बघायचं तर लॅब तीच, पद्धत तीच हवी, एकीकडे १.१ आणि दुसरीकडे १.३ आलं तर तो खरंच वाढला की मशीन बदललं हे कळायला मार्ग नाही. फक्त या वेळी फोनवर बुकिंग नाही, चिठ्ठी घेऊन सेंटरवरच जायचं, बिलावर 'फ्री' शब्द छापून आलाय का ते काउंटरवरच बघायचं, रिपोर्टसाठी माझा नंबर द्यायचा बाबांचा नाही. त्यांचं ॲप मी बाबांच्या फोनमधून केव्हाच उडवलंय, तरी फुल बॉडी चेकअपचे मेसेज येतातच, परवाच्यात व्हिटॅमिन डीबरोबर आता बी ट्वेल्व्ह पण फ्री होतं.