पालेभाजीचा रतीब: दिवाळी ते वैशाख, आणि मुख्यतः पिशवीबद्दल

सासवडच्या पुढे, कऱ्हेकाठी जेमतेम दीड एकरात भाजी करणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही दिवाळीनंतर पालेभाजीचा रतीब लावला. दर शनिवारी चार जुड्या, जुडीला ३० रुपये, महिन्याचे पैसे आधी. पुण्यात असे रतीब आता घरोघरी आहेत, त्यामुळे पैसे कसे भरायचे, गाडी कधी येते यात वेळ घालवत नाही. लिहायला बसले ती पिशवीपायी.

फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत भाजी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून यायची. एका शनिवारी ती गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आली. वरून चाकवत हिरवागार दिसत होता. गाठ सोडली तर आतून पाणी ओघळलेलं, खालची पानं काळी पडून हाताला बुळबुळीत लागत होती आणि कुबट वास येत होता. पहाटे खुडलेली भाजी दुपारी टाकून द्यावी लागली. पालेभाजी खुडल्यावरही श्वास घेत असते, त्यातून ऊब आणि वाफ सुटते. बंद पिशवीत ती वाफ पाणी होऊन पानांवरच बसते आणि मार्चच्या उन्हात टेम्पोत दोन-तीन तास गेले की सड लागायला तेवढं पुरतं. ओलं फडकं भाजीला गार ठेवतं आणि हवाही खेळू देतं. दहा रुपयांच्या कापडावर तीस रुपयांची जुडी टिकते, तर कापड का सोडायचं?

लगेच फोन केला. काकू म्हणाल्या, "ताई, गिऱ्हाइकंच म्हणतात, फडक्यानं पिशव्या भिजतात, प्लॅस्टिकात द्या." पुढच्या खेपेला जुडी बदलून देते, असंही म्हणाल्या आणि दिलीही. पण मला बदली जुडी नको होती, फडकं हवं होतं. शेवटी जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर घराचा नंबर दोऱ्याने घातला आणि भरलेली आली की रिकामी परत, असं ठरवून घेतलं. मग इमारतीतल्या बाकीच्यांनीही शिवल्या. तेव्हापासून एकही जुडी वाया गेलेली नाही. शनिवारी आलेला शेपू बुधवारी ताठ असतो. कुठलाही रतीब लावण्याआधी भाजी कशात बांधून देता, एवढं विचाराच. सेंद्रिय आहे का, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.

आता पैशांबद्दल. जानेवारीत मी हा रतीब बंद करायला निघाले होते. तेव्हा मंडईत मेथीचे ढीग लागलेले, दहा रुपयांना जुडी, आणि मी तीस मोजत होते. भोगीच्या आठवड्यात तर फारच जड गेलं. मग स्वयंपाकघरातला काटा काढला. मंडईतली मेथी मुळांसकट, मातीसकट आणि वरून मारलेल्या पाण्यासकट येते. निवडून झाली की निम्म्याहून कमी उरते. यांच्याकडची खुडलेली असते, जवळजवळ सगळीच कढईत जाते. तरीही जानेवारीत हा सौदा महागच पडतो, हे माझं मत कायम आहे. एप्रिलमध्ये चित्र उलटलं. मंडईत तीच जुडी पस्तीस-चाळीसवर गेली, ऊन लागून मलूल झालेली, आणि आमचा दर तीसच राहिला. सगळे महिने धरले तर मी थोडी फायद्यात आहे. थंडीपुरता रतीब घ्यायचा असेल तर मात्र घेऊ नका, मंडईच बरी.

खरी मजा फाल्गुनात सुरू झाली. दिवस लांबले आणि ऊन चढलं की मेथी-पालक पानं सोडून फुलावर येतात, चाकवत आणि करडई संपतात. बाहेरून मेथी आणून जुड्या भरणं सोपं होतं. यांनी सरळ कळवलं, "मेथी फुलली, आता तांदुळजा आणि माठ निघेपर्यंत जे आहे ते देऊ." त्या मधल्या दिवसांत आल्या डिंगऱ्या. बियाण्यासाठी राखलेल्या मुळ्याच्या कोवळ्या शेंगा, तिखटसर आणि कुरकुरीत. भरपूर लसूण, थोडं दाण्याचं कूट, गरम भाकरी. सोबत शेवग्याची फुलं, ती डाळीचं पीठ पेरून. दोन्ही मंडईत क्वचित दिसतं आणि दिसलं तरी शिळं असतं.

पाडव्यानंतर चिवळ आली. जमिनीलगत पसरणारी, बारीक मांसल पानांची. साफ करायला जिवावर येतं, कारण प्रत्येक पेरात माती दडून बसते. पसरट पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी बुडवायची, थोडा वेळ थांबायचं, माती तळाला बसली की भाजी वरच्यावर उचलून घ्यायची. पाणी ओतून भाजी मागे ठेवली तर माती परत तिच्यातच जाते. पाणी नितळ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. मग भिजवलेली मूगडाळ, लसणीची फोडणी, झाकण न ठेवता परतायची. किंचित आंबूस चव, उन्हाळ्यात जेवणाची इच्छा परत आणणारी. माझ्या सासूबाई अमरावतीच्या. पुण्यात इतक्या वर्षांत अशी कोवळी चिवळ मिळाली नाही म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. या एका भाजीसाठी मी जानेवारीतले जास्तीचे वीस रुपये विसरायला तयार आहे.

तांदुळजा आता दर खेपेला असतो. खुडला की पुन्हा फुटतो, उन्हाला दबत नाही. फक्त सलग इतके आठवडे तोच आला की मुलं कुरकुरतात. एखाद्या वेळी घोळ किंवा आंबट चुका द्या, असं सांगून ठेवलंय.

एक तक्रार उरलीच आहे. काकू प्रेमाने एखादी पिकलेली पपई नाहीतर चार चिकू त्याच पिशवीत भाजीवर ठेवतात. पिकत्या फळातून जो वायू सुटतो त्याने पालेभाजी पिवळी पडते, कोथिंबीर तर दुसऱ्याच दिवशी. दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा फळांसाठी वेगळी छोटी पिशवी शिवून पाठवली आहे. जूनपर्यंतचे पैसे भरलेत. पावसाळ्यात त्यांच्या शेतात पाणी साचतं म्हणून पालेभाजी बंद असते, गणपतीनंतर पुन्हा सुरू होते. तेव्हा लावायचा असेल तर आत्ताच नाव सांगून ठेवा, कारण वीसेक घरांपलीकडे ते घेत नाहीत.