ब्रेकच्या आवाजाची भीती घालून १४,६०० रुपये काढले

नागपूरच्या आउटर रिंग रोडने ये-जा करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्याच गॅरेजसमोर उद्या दुसरं कुणी आवाज करणारी गाडी घेऊन उभं राहील, आणि त्याला हे आधी माहीत असायला हवं.

आईला घेऊन घरी येत होते. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात गिट्टी पसरली होती. त्यातून गाडी काढली आणि डाव्या पुढच्या चाकातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा कर्कश आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला तरी येत होता, सोडला तरी येत होता. वर्धा रोडवर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली. मालकाने चाक काढलं आणि मला काही न दाखवता थेट आईलाच सांगितलं, "काकू, डिस्क गेल्या, कॅलिपर जाम आहेत. अशीच नेली तर ब्रेक लागणारच नाही." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिच्या आतल्या-बाहेरच्या बाजूने पॅड दाबून धरणारा भाग. आईचा चेहरा उतरला. आम्हाला बाहेर बसवलं. दोन्ही डिस्क, दोन्ही कॅलिपर, पॅड आणि मजुरी मिळून १४,६०० रुपये घेतले, आणि हातात ठेवली साधी चिठ्ठी. जुने पार्ट मागितले तर म्हणे, भंगारवाला आताच घेऊन गेला. आवाज मात्र बंद झाला होता.

खरं काय ते कळलं टायर बदलताना. मानकापूरकडे आमचे जुने मिस्त्री आहेत. चाक उतरवल्यावर ते म्हणाले, "डिस्क जुनीच आहे जी ही, ताई. हात लावून पहा." डिस्कच्या बाहेरच्या काठावर नख अडकेल एवढी उभी कड होती. पॅड जिथे घासतो तिथे डिस्क झिजते आणि काठ तसाच उरतो, म्हणून ही कड तयार होते. नव्या डिस्कला ती नसते. त्या गॅरेजवाल्याने नुसता पॉलिश पेपर मारून चकाकी आणली होती. कॅलिपरचं तर त्याहून उघड होतं. कॅलिपर बदलायचा तर ब्रेक ऑइलचा पाइप सोडावाच लागतो, ऑइल भरून हवा काढावी लागते. त्या पाइपच्या बोल्टवर कित्येक वर्षांची माती जशीच्या तशी बसलेली होती. पाना लागल्याची खूणसुद्धा नव्हती. फक्त पॅड नवे होते, तेही हलक्यातले.

मग आवाज कशाचा होता? डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं. त्या फटीत गिट्टीचा खडा अडकला की असाच आवाज येतो, ब्रेकशी त्याचा संबंध नसतो. कव्हरच्या आतल्या बाजूला ताजा ओरखडा गोल फिरलेला दिसत होता. चाक काढलं, पत्रा हलला, खडा पडला. काम एवढंच होतं.

मिस्त्रींनी तेव्हा समजावलेलं सगळ्यांना उपयोगी पडेल. आवाज कधी येतो ते आधी बघायचं. पावसात भिजलेल्या गाडीचा सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आवाज येऊन थांबत असेल, तर तो डिस्कवर रात्रीतून आलेल्या गंजाचा, खर्च शून्य. बऱ्याच पॅडना पत्र्याची बारीक पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकते आणि चीं-चीं सुरू होते. पॅड साधारण ३ मिमीवर आला की बदलायचा, आणि बदलायचा तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचा. ब्रेक दाबल्यावर घर्रर्र असं लोखंडावर लोखंड घासत असेल तर मात्र गाडी तिथेच थांबवा, पॅड संपलेला असतो. आणि पेडल किंवा स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्क एकसारखी उरलेली नसते. डिस्क कुठवर झिजू द्यायची ती कमीत कमी जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. गॅरेजवाल्याला ती मापून दाखवायला सांगा. नुसतं "डिस्क गेली" ऐकून हो म्हणू नका.

आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये एकच जास्त झिजला असेल तर बरेचदा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात. त्या साफ करून योग्य ग्रीस लावलं की बहुधा भागतं. पण त्यातून कमाई ती काय होणार? म्हणून काही जण सरळ अख्खा कॅलिपर बदलायला सांगतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्याने आईला घाबरवल्याची. त्या दिवसानंतर ती गाडीत बसली की चाकाकडे कान लावून असते.

मी परत गेले तेव्हा मालक सरळ म्हणाला, "आमच्याकडची डिस्क नव्हेच ही." म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. चिठ्ठीवर गॅरेजचं नावही नाही, पण पैसे यूपीआयने दिलेले असल्याने ती नोंद जोडली, शिवाय काठाचे आणि बोल्टचे फोटो. तेवढ्यावर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. तुम्हीही अलीकडे कुठे नव्या डिस्कचे पैसे मोजले असतील, तर पुढच्या वेळी पंक्चर काढताना चाक उतरलेलं असेल तेव्हा गाडी गार झाली की डिस्कच्या काठावरून बोट फिरवा, आणि कड लागली तर चाक चढवायच्या आधी फोटो काढून ठेवा.