रेसिडेंट ईव्हिल २ की एलियन: आयसोलेशन? पहिला सर्व्हायव्हल हॉरर निवडताना

सर्व्हायव्हल हॉररमध्ये, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायला लावणाऱ्या भयपट-छापाच्या व्हिडिओ गेममध्ये, पहिल्यांदाच उतरायचं ठरवलं की सल्ले खूप मिळतात, पण फिरून फिरून गाडी या दोन नावांवर येते. एक, कॅपकॉमचा २०१९ चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’, म्हणजे १९९८ च्या मूळ गेमची पायापासून नव्याने बांधलेली आवृत्ती. दुसरा, क्रिएटिव्ह असेंब्लीचा २०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’. दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलो आहे आणि दोन्ही मनापासून आवडतात. अडचण अशी की पहिल्या तासावरून दोघांबद्दलही चुकीचं मत होतं. रेसिडेंट ईव्हिल सुरुवातीला वाटतो तितका निर्दय पुढे राहत नाही. आयसोलेशन सुरुवातीला वाटतो तितका सौम्य अजिबात नाही. म्हणून पहिल्या तासाचा अनुभव आणि त्यानंतर काय होतं, हे दोन्ही सांगतो.

पोलीस ठाणं

सप्टेंबर १९९८, रकून सिटी हे काल्पनिक शहर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आलेला पोलीस लिऑन केनेडी किंवा भावाला शोधत आलेली क्लेअर रेडफील्ड, यांतलं एक पात्र निवडायचं. पेट्रोल पंपावरची झटापट आणि रस्त्यावरची धावपळ संपली की तुम्ही पोलीस ठाण्याच्या उंच दालनात येता. ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती. त्यामुळे ठाण्यात पुतळे आहेत आणि त्या पुतळ्यांत कोडी आहेत. गोष्टीतलं हे कारण मला आवडतं, कारण कुलपं आणि पदकं शोधत हिंडणं त्यामुळे उपरं वाटत नाही.

मग पहिला अंधारा बोळ. हातात टॉर्च, फरशीवर साचलेलं पाणी, बाहेर पाऊस. शटरखालून एक पोलीस मदतीसाठी ओरडतो, त्याला ओढून बाहेर काढावं तर कमरेखाली काहीच उरलेलं नसतं. पहिल्या झॉम्बीच्या डोक्यात मी चार गोळ्या घातल्या. तो कोसळला, मी पुढे निघालो, आणि त्याने माझा पाय धरला. त्या क्षणी हा गेम काय मागतो ते कळलं. इथे पडलेला मेलेला असेलच असं नाही, आणि त्याची खात्री करायला आणखी एक गोळी लागते.

नेम धरण्याची पद्धत तर फारच विचारपूर्वक केलेली आहे. तुम्ही हलत असलात की नेमाचं चिन्ह पसरलेलं राहतं. पाय रोवून उभे राहिलात तरच ते आवळतं आणि गोळीचा मार जोरात बसतो. म्हणजे झॉम्बी हात पसरून चालत येत असताना जागचं हलायचं नाही. पळावंसं वाटत असताना थांबायला लावणारी ही एक गोष्ट मला या गेममधल्या सगळ्या रक्तमांसापेक्षा जास्त घाबरवून गेली.

पण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला हळूहळू बदल होतो. सामान ठेवायला सुरुवातीला आठच कप्पे असतात, म्हणून काय घ्यायचं आणि काय पेटीत ठेवायचं याचा हिशेब डोक्यात चालू राहतो. नकाशावर ज्या खोलीत काही घ्यायचं उरलंय ती लाल दिसते आणि पूर्ण धुंडाळलेली निळी होते. लाकडी फळ्या मिळाल्या की कोणत्या खिडक्या ठोकायच्या ते तुम्हीच ठरवता. कोणत्या झॉम्बीला मारायचं, कोणाला नुसता वळसा घालायचा, हे ठरू लागतं. लिकर नावाचा, कातडी सोलल्यासारखा प्राणी आंधळा आहे आणि आवाजावर येतो, हे कळलं की त्याच्या बाजूने श्वास रोखून, पाऊल न वाजवता निघून जाण्यात वेगळीच मजा येते. ती इमारत ओळखीची होत जाते. भीती जात नाही, पण तिला आकडे चिकटतात: सात गोळ्या, प्रकृती भरून काढणारी एक हिरवी वनस्पती, दोन रिकामे कप्पे.

अंतराळ स्थानक

आयसोलेशनचं वर्ष २१३७. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटातल्या एलन रिप्लीची मुलगी अमांडा ही नायिका. पंधरा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या आईच्या यानाची नोंदपेटी सेव्हास्टोपोल स्थानकावर असल्याचं कळतं आणि ती तिथे जाते. १९७९ साली भविष्यकाळ जसा कल्पिला होता तसंच हे स्थानक घडवलंय: जाडजूड पडदे, खटके, हिरवी अक्षरं, खरखरणारे ध्वनिमुद्रण. टोटल वॉरसारखे युद्धनीतीचे गेम करणाऱ्या स्टुडिओने हे उभं केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिला तास मात्र अगदी संथ आहे. तुम्ही चालता. दारं उघडता. घाबरलेली, एकमेकांवर बंदुका रोखलेली माणसं भेटतात. छतातल्या वाहिन्यांमधून काहीतरी सरकल्याचा आवाज येतो, इतकंच. शत्रू नीट समोर यायलाच बराच वेळ जातो. इथेच काही जण कंटाळून सोडून देतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण गेम सुरू होतो तो पाचव्या मिशनमध्ये, वैद्यकीय विभागात. तिथे पहिल्यांदा एलियन तुमच्यासोबत त्याच मजल्यावर मोकळा असतो, ठरवून दिलेल्या वाटेने न चालता.

हे कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. गेममध्ये जणू दोन मेंदू आहेत. एकाला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं, पण तो एलियनला फक्त अंदाजे भाग सुचवतो. दुसरा मेंदू एलियनचा स्वतःचा. त्याला तुमची जागा माहीत नसते, ती त्याला बघून आणि ऐकूनच शोधावी लागते. तो बराच काळ तुमच्या मानगुटीवर बसलेला असेल तर पहिला मेंदू त्याला थोडं दूर नेतो, म्हणजे तुम्हाला श्वास घेता येतो. शिवाय एलियनच्या वागण्याचे काही भाग सुरुवातीला बंद असतात आणि खेळ पुढे जाईल तसे उघडतात. त्यामुळे एक युक्ती सापडली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

तुमच्या हातात असतो मोशन ट्रॅकर. तो हालचाल दाखवतो, पण वर की खाली ते सांगत नाही. ठिपका अगदी जवळ, समोर कोणी नाही, म्हणजे तो बहुधा डोक्यावरच्या वाहिनीत आहे. उघड्या छिद्रातून लाळ ठिबकताना दिसली तर तिच्याखालून जायचं नाही. आणि ट्रॅकरचा टिकटिक आवाज जवळ आलेल्या एलियनलाही ऐकू जातो. ज्याच्या भरवशावर तुम्ही जगता तेच यंत्र तुमचा घात करू शकतं. वैद्यकीय विभागात एका कपाटात मी कंट्रोलर घट्ट धरून किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. बाहेर काहीच घडत नव्हतं, तरी दार ढकलायला बोट सरसावत नव्हतं.

पाठलाग करणारे दोघे

खरा निर्णय इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

रेसिडेंट ईव्हिलमध्ये पोलीस ठाण्याचा बराच भाग पार झाल्यावर मिस्टर एक्स येतो. कोसळलेलं हेलिकॉप्टर एका हाताने बाजूला सारणारा, लांब कोटातला धिप्पाड पुतळाच जणू. एलियनसारखा तोही मरत नाही. पण तो चालत येतो. त्याची पावलं जड आहेत. हेडफोन लावलेत तर तो वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या खोलीत, हे ऐकून कळतं. त्याचा एक ठोसा बसला म्हणून खेळ संपत नाही. पुरेशा गोळ्या घातल्या तर तो थोडा वेळ गुडघ्यावर बसतो. खेळ सेव्ह करायचा टाइपरायटर असलेल्या बंद खोल्यांत तो शिरत नाही, मुख्य दालनात मात्र येतो. त्याच्यापासून पळता येतं, आणि पळणं हा योग्य उपाय आहे.

एलियनसमोर पळालात की संपलं. तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे आणि पकडलं की थेट मृत्यू. रिव्हॉल्व्हर मिळतं, पण त्याच्यावर त्याचा उपयोग नाही. बऱ्याच उशिरा ज्वालाफेक यंत्र हाती येतं. त्याने तो फक्त माघार घेतो, आणि इंधन संपत जातं. मधल्या काळात आवाज करून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं, टेबलाखाली बसणं, वाट पाहणं एवढंच. मिस्टर एक्सच्या वेळी मी सतत काहीतरी करत होतो. एलियनच्या वेळी काहीही न करणं हेच बहुतेकदा बरोबर उत्तर होतं, आणि तसं बसून राहणं मला कितीतरी जड गेलं.

सेव्ह करण्याच्या पद्धतीतही हाच फरक. रेसिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटरपाशी गेलात की झालं. असिस्टेड आणि स्टँडर्ड या सोप्या व मधल्या पातळीवर हवं तितक्यांदा सेव्ह करा. फक्त हार्डकोअर या अवघड पातळीवर दर वेळी शाईची रिबन लागते. आयसोलेशनमध्ये भिंतीवरच्या तातडीच्या फोनमध्ये कार्ड घालायचं आणि तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत थांबायचं. त्या काही सेकंदांत मागून मारले जाऊ शकता. तिथवर न पोचता मेलात तर मागच्या फोनपासून पुन्हा सगळं. तोच बोळ तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सरपटत पार करताना भीतीची जागा चिडचिडीने घेतली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गेम तिथे थोडा आडमुठा आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. रेसिडेंट ईव्हिल खांद्यामागून दिसतो आणि त्यात छिन्नविच्छिन्न शरीरं भरपूर आहेत. रक्त पाहवत नसेल तर हे आधीच लक्षात घ्या. आयसोलेशन पात्राच्या डोळ्यांतून दिसतो, त्यामुळे अशा गेममध्ये ज्यांना गरगरतं त्यांनी सावध राहावं, पण रक्तपात तुलनेने कमी. लांबीत मोठी तफावत आहे. रेसिडेंट ईव्हिलची एका पात्राची पहिली फेरी साधारण आठ ते दहा तासांची, आणि ती संपल्यावर दुसऱ्या पात्राची फेरी खुली होते. आयसोलेशन सहज अठरा-वीस तास घेतो, आणि शेवटचा तिसरा हिस्सा मला ताणल्यासारखा वाटला. तुमच्याकडे जुनं यंत्र असेल तर आयसोलेशन सोयीचा: तो प्लेस्टेशन ३ च्या काळातला आहे, २०१९ मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर आणि २०२१ मध्ये मोबाइलवरही आला. मोबाइलवर खेळलात तरी हेडफोनशिवाय खेळू नका.

आणि ज्यांना हत्यार मुळीच नको, त्यांनी फ्रिक्शनल गेम्सचा २०१० चा ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ बघावा. त्यात लढणंच नाही. पण पहिला गेम म्हणून मी तो कोणाला सुचवणार नाही.

मग कोणता?

या प्रकारात तुम्ही अगदी नवे असाल आणि घाबरूनही पुढे जात राहण्याची सवय लावायची असेल, तर रेसिडेंट ईव्हिल २ घ्या. तो तुम्हाला शिकवतो. आज ज्या बोळात हात थरथरले तो बोळ उद्या तुम्ही धावत ओलांडता, आणि हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं फार समाधान देणारं आहे. नेम धरणं जमत नसेल तर असिस्टेड पातळी निवडा. तिथे नेमाला मदत मिळते, प्रकृती काही प्रमाणात आपोआप भरून येते आणि वातावरण तेवढंच दाट राहतं. खेळायला एकावेळी तासभरच मिळत असेल तरीही हाच बरा, कारण टाइपरायटर गाठला की सेव्ह करून उठता येतं.

लपाछपीचे गेम आधी खेळला असाल, वाट पाहण्याचा कंटाळा नसेल, आणि झॉम्बींना गोळ्या घालून तुमची भीती केव्हाच बोथट झाली असेल, तर आयसोलेशन. माझ्या मते दोघांत जास्त भीतिदायक तोच आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. त्यात नोव्हिस नावाची सर्वांत सोपी पातळी आहे, ती निवडण्यात काहीही कमीपणा नाही. एलियन तिथेही अंगावर काटा आणतो.

रेसिडेंट ईव्हिलबद्दल पहिल्याच संध्याकाळी मत बनवलंत तरी चालेल, फक्त नकाशावरच्या दोन-चार खोल्या निळ्या होईपर्यंत खेळा. आयसोलेशन घेतलात तर घाई करू नका. सलग दोन-तीन तास मोकळे ठेवा, खोलीत अंधार करा आणि वैद्यकीय विभागातून बाहेर पडेपर्यंत खेळत राहा. तिथून सुटल्यावर पहिल्या फोनमध्ये कार्ड घाला, तिसरा दिवा लागू द्या, आणि हेडफोन काढून ठेवल्यावर पुन्हा लावावासा वाटतोय का ते बघा.