लेकीला पाठीशी बांधून सागरेश्वरला: लहान मुलांच्या सुरक्षा पट्ट्याचा वापरानंतरचा अनुभव

लहान मुलांना दुचाकीवर बांधून नेण्याचा सुरक्षा पट्टा मी गेल्या पावसाळ्यात घेतला. पाऊस, थंडी आणि आता ऊन, तिन्हींत वापरून झाला, म्हणून सविस्तर लिहितोय. मूल नऊ महिने ते चार वर्षांच्या मधलं असेल आणि घरची गाडी म्हणजे दुचाकीच असेल, तर पट्टा जरूर घ्या. पट्टा आहे म्हणून गाडी हाणायला मोकळे, असा हिशोब असेल तर मात्र घेऊ नका.

आमची लेक साडेतीन वर्षांची. माझी १२५ सीसीची मोटारसायकल, तिच्यावर आम्ही दोघं बापलेक. बायको तिच्या स्कूटरवर, तिच्या मागे माझी आई आणि पायाशी डब्याची पिशवी. सुट्टीला सकाळी कराडहून निघायचं, कार्वे, शेणोली, ताकारी करत सागरेश्वर अभयारण्य गाठायचं, हिंडायचं, जेवायचं आणि अंधाराच्या आत घरी. अंतर तीसेक किलोमीटर. एवढ्यासाठी दोन गाड्या कशाला, असं नातेवाईक विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाच्या मागे एकच माणूस बसू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दोन मोठ्यांच्या मध्ये दाबून बसवलेल्या मुलाला बांधायला जागाच उरत नाही.

पट्ट्याचा नियमही अनेकांना माहीत नसतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती वर्षभराने लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला नेताना ते पट्ट्याने चालकाला जोडलेलं हवं, त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. पट्टा हलका, मापात कमीजास्त करता येणारा, पाण्याने खराब न होणारा, नायलॉनचा आणि आत दाट फोम असलेला असावा, ३० किलो वजन पेलणारा असावा, हेही त्यात लिहिलंय. बाजारात मिळणाऱ्या सगळ्याच पट्ट्यांवर हे वजन छापलेलं नसतं. घेताना आधी तेच पाहा.

आमच्याकडे मूल पुढे टाकीवर बसवायची पद्धत आहे. मुलांना ते आवडतं, समोरचा रस्ता दिसतो, आरशाची दांडी धरता येते. पण ब्रेक लागला की मूल थेट हँडलवर जातं, आणि त्याच्या मागून बापाचं वजन येतं. डुलकी लागली तर कपाळ मीटरवर. पट्ट्यात मूल मागे बसतं. त्याच्या अंगात बंडीसारखा भाग घालायचा, आणि त्या बंडीला जोडलेल्या दोन पट्ट्या आपण दप्तरासारख्या खांद्यांत अडकवायच्या. छातीवर एक बक्कल, मुलाच्या पोटावर एक. मुलाचं वरचं अंग आपल्या पाठीला लागून राहतं. खड्ड्यात गाडी उसळली तरी ते बाजूला कलंडत नाही, आणि हे मला पाठीला सतत कळत राहतं. मागे बसलेलं मूल नीट आहे का, म्हणून मान वळवावी लागत नाही. पट्ट्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

चढण्या-उतरण्याचा क्रम मात्र घरच्या अंगणात नीट बसवून घ्या. आधी मी गाडीवर बसतो, दोन्ही पाय जमिनीवर टेकवतो, पट्ट्या खांद्यांत घेतो. मग बायको लेकीला उचलून मागे ठेवते आणि बकलं लावते. उतरताना उलट: आधी लेक सुटते, मग मी. मूल पाठीला असताना पाय फिरवून उतरायचा विचारसुद्धा करू नका. याचा अर्थ, दुसरं मोठं माणूस सोबत नसेल तर हा पट्टा जवळजवळ निरुपयोगी आहे. बालवाडीत एकट्याने सोडायला-आणायला तो सोयीचा नाही. आणि पाठीवर मूल असल्यामुळे सॅक घेता येत नाही, सगळं सामान स्कूटरकडे जातं.

पायांकडे पट्टा बनवणाऱ्यांचं लक्षच नाही. तीन वर्षांच्या मुलाचे पाय मागच्या फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबत राहतात. डावीकडे साडीगार्ड आहे म्हणून चाकाची भीती नाही, पण उजवीकडे सायलेन्सर तापलेला असतो. जाड पँट, मोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय मी लेकीला बसवत नाही, उन्हाळ्यातही नाही.

इतक्या महिन्यांच्या वापरात दोन दोष दिसले. एक, खांद्याच्या पट्ट्या कडीतून हळूहळू सरकतात. निघताना घट्ट केलेला पट्टा ताकारीपर्यंत बोटभर सैल झालेला असतो. बॅगा शिवणाऱ्याकडून पट्टीचं टोक दुमडून जाड शिलाई मारून घेतली, आता ती कडीतून पूर्ण निसटत तरी नाही. तरीही प्रत्येक थांब्यावर ओढून बघायचंच. दुसरा, फोम. थंडीत तो उबदार वाटतो, पण उन्हात माझी पाठ आणि तिची छाती दोन्ही घामाने चिंब होतात. धुतला की वाळायला दोन दिवस लागतात. काठावरची चमकणारी पट्टीही धुता धुता निघून गेली. बकलं आणि मुख्य शिलाई मात्र आजही नव्यासारखी आहे. हजाराच्या आतल्या वस्तूकडून मला एवढं अपेक्षित नव्हतं.

आता ४० च्या वेगाबद्दल, कारण आमची सहल खरी बदलली ती इथे. कराड-तासगाव रस्त्यावर ४० ने चालणाऱ्याला सगळे मागे टाकतात. गळिताच्या हंगामात रेठऱ्याच्या कारखान्याकडे निघालेले, दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर तेवढे आपल्याहून हळू असतात, आणि त्यांना ओलांडायची घाई मी करत नाही. समोर सरळ मोकळा रस्ता दिसेपर्यंत मागेच राहतो, तेही जरा अंतर राखून, कारण उसाच्या मोळ्या घसरतात. डाव्या कडेला राहायचं, आरशात सारखं पाहायचं. बायको मागून येते. लेकीची मान कलायला लागली की ती दोनदा हॉर्न देते आणि आम्ही सावलीला थांबतो. मूल झोपलं तर पट्टा त्याला पडू देत नाही, पण हेल्मेटच्या वजनाने लटकणारी मान तो सावरू शकत नाही. म्हणून झोपलेल्या मुलाला घेऊन पुढे जायचं नाही. तिच्या दुपारच्या झोपेची वेळ आम्ही झाडाखाली सतरंजीवर काढतो.

मागे बसल्यामुळे समोरचं काही दिसत नाही, अशी लेकीची सुरुवातीला तक्रार होती. पण या वेगाला कडेचं सगळं दिसतं. तारेवरचा कोतवाल, वेडा राघू, नांगरामागे चालणारे बगळे, ऊसतोडीच्या टोळीतल्या बैलांचे घुंगरू. आता पाठीमागून सतत बातम्या येत असतात.

सागरेश्वर अशा कुटुंबासाठी फार योग्य जागा आहे. क्षेत्र ११ चौरस किलोमीटरच्या आतच, अभयारण्याला कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. एकेकाळी हे डोंगर उघडे होते. मोहित्यांचे वडगावचे स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी तिथे झाडं लावण्याचा ध्यास घेतला, लोक जोडले, आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं जंगल मुलांना दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आई लेकीला सांगते, ही झाडं कुणीतरी लावली म्हणून हरणं आली. त्यानंतर लेक प्रत्येक झाडाशी थांबून विचारते, हे कुणी लावलं?

प्राणी दिसणं नशिबावर, पण सकाळी लवकर गेलात तर चितळ बहुधा दिसतात. चितळाचे ठिपके मोठेपणीही जात नाहीत, आणि काळविटात पिळाची शिंगं नराला असतात, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा, मग ते स्वतः ओळखतं. आम्ही गाडी प्रवेशद्वारापाशी लावतो आणि पायी फिरतो. वरून कृष्णेचं खोरं आणि मैलोनमैल ऊस दिसतो, पण आईच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. ती पायथ्याच्या जुन्या देवळांत बसते. लहान लहान दगडी देवळांचा तो समूह सुंदर आहे. श्रावणी सोमवारी मात्र गर्दी असते, तेव्हा लहान मूल घेऊन जाऊ नका. वेळ उरला तर जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर.

उन्हाळ्यात अकराच्या पुढे पट्टा बांधून प्रवास नको, तेव्हा पहाटे निघून दहापर्यंत परत. पावसाळ्यात मूल आणि पट्टा दोन्ही झाकणारा रेनकोट मला सापडला नाही, म्हणून जोराच्या पावसात सहल पुढे ढकलतो. उत्तम दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे. थंडीत स्वेटर चढला की पट्ट्याचं माप बदलतं, ते घरीच लावून घ्या. परतीला साडेतीनला निघतो. संध्याकाळी शेणोलीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या वाढतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

लेकीला लवकरच चार पूर्ण होतील. मग पट्ट्याची सक्ती राहणार नाही, हेल्मेटची राहील. वजन अजून ३० किलोच्या खूप खाली आहे आणि पट्टा मापात बसतोय, तोवर तो आम्ही वापरणारच.