काडीने पेटणारा दिवा: एलडीआर, फोटोट्रान्झिस्टर की आर्डुइनो?

विजेचा दिवा काडेपेटीतल्या काडीने पेटवायचा आणि चिमटीत धरून विझवायचा. घरी करण्यासारखी याहून छान जादू मला तरी माहीत नाही. कागदी नळीची मेणबत्ती, टोकाला पांढरा एलईडी, शेजारी दडवलेला प्रकाशसंवेदक, एवढाच मामला. काडीचा उजेड पडला की एलईडी लागतो आणि मग स्वतःच्याच उजेडावर लागलेला राहतो. चिमटीचं बोट दोघांच्या मध्ये आलं की विझला.

पहिल्यांदाच करणाऱ्याने संवेदक म्हणून डोळे मिटून एलडीआर घ्यावा, म्हणजे उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो तो रेझिस्टर. सोबत एलईडी चालू-बंद करायला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, किती उजेडाला दिवा लागावा ते पिळून ठरवायला १०० किलोओहमचा प्रीसेट, एलईडीसाठी ४७० ओहमचा रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी. एलडीआरच्या वाटेत १ किलोओहम टाकायला विसरू नका, नाहीतर भर उजेडात ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायात, नको तेवढा करंट जातो. खरी गोम एलईडीत आहे. त्याचं गोल टोक उजेड सरळ वर फेकतं, शेजारच्या एलडीआरला काहीच मिळत नाही आणि काडी हलवली की दिवा गुल. टोक पॉलिश पेपरवर घासून दुधी करा, उजेड चहूबाजूंना पसरतो. लाल एलईडी टाळा. लाल उजेड बोटातून आरपार येतो आणि चिमटीला दाद देत नाही. एलडीआर जरा आळशी असतो, म्हणून चिमूट लगेच सोडू नका.

फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेडावर चालणारा ट्रान्झिस्टर, चपळ, पण इथे नको. त्याचा ओढा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडकडे. ज्योतीत ते भरपूर, म्हणून काडी दिसताच तो जागा होतो. पांढऱ्या एलईडीत ते जवळजवळ नसतंच, म्हणून काडी दूर गेली की दिवा तग धरेलच असं नाही. काळ्या आवरणाच्या फोटोट्रान्झिस्टरला तर साधा उजेड जवळपास दिसतच नाही. टीव्हीच्या लपवलेल्या रिमोटने दिवा लुकलुकवायचा असेल, तर मात्र तोच घ्या.

आर्डुइनो नॅनो म्हणजे संवेदकाचा उजेड वाचून प्रोग्रामप्रमाणे दिवा लावणारा छोटा बोर्ड. त्याचा मोह मी बरेच दिवस टाळला. मग सोसायटीच्या गणपतीत काडी ओढायच्या आतच पहिल्या रांगेतल्या मोबाइलचा फ्लॅश उडाला आणि दिवा आपोआप लागला. पोरं खिदळली, ती वेगळीच. नॅनोला सांगता येतं, की उजेड अर्धा सेकंद टिकला तरच पेट. सुरू होताना हॉलमधला उजेड मोजून तो आपली पातळीही ठरवतो, प्रीसेट पिळत बसावं लागत नाही. पण खर्च काही पट वाढतो, ९ व्होल्टची बॅटरी भराभर उतरते आणि बोर्डावरचा पॉवरचा दिवा कागदी नळीतून चुगली करतो. त्यावर काळी टेप हवीच.

घरच्या वाढदिवसाला, जिथे ट्यूबलाइट बंद करणं आपल्या हातात आहे, तिथे एलडीआर पुरतो. स्टेजवरचे फोकस दुसऱ्याच्या ताब्यात असतील, तर नॅनो घ्या. आणि सराव टॉर्चवर करा, काड्या उगाच जाळू नका.